रस्ता कुठून जातो यापेक्षा माल कुठे थांबतो हे महत्त्वाचं नाही का?

घाटवाट (धागाकर्ता)

एखादा प्रदेश मागे का राहिला याची चर्चा निघाली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "एकदा महामार्ग होऊ द्या, मग बघा." नकाशावर रेघ ओढली की तिच्या दोन्ही बाजूंचा पट्टा सुखी होणार, असं गृहीतच धरलं जातं. वाहतुकीचा आणि बंदरांचा इतिहास वाचताना मला वेगळंच दिसत आलं आहे. माल नुसता जवळून गेल्याने प्रदेश मोठा होत नाही. माल जिथे उतरतो, निवडला जातो, हात बदलतो आणि पुढच्या वाहनावर चढतो, ती जागा मोठी होते.

अमेरिकेतलं बफेलो घ्या. १८२५ मध्ये ईरी कालवा पूर्ण झाला. हडसन नदीवरच्या ऑल्बनीपासून ईरी सरोवराच्या काठच्या बफेलोपर्यंत सुमारे ५८४ किलोमीटर. ॲपलाचियन डोंगररांगेत मोहॉक नदीच्या खोऱ्याने एक सखल वाट ठेवली आहे, तिचा फायदा घेऊन हा कालवा खणला. बफेलो ते न्यूयॉर्क एक टन मालाला आधी १०० डॉलरच्या आसपास भाडं पडायचं, ते १० डॉलरच्या आसपास आलं. न्यूयॉर्क बंदर फिलाडेल्फियाच्या खूप पुढे निघून गेलं त्यात या कालव्याचा वाटा फार मोठा आहे.

पण बफेलो का वाढलं? सरोवरातली मोठी जहाजं कालव्यात शिरू शकत नव्हती. सुरुवातीचा कालवा जेमतेम चार फूट खोल होता. त्यामुळे पश्चिमेकडून आलेला धान्याचा प्रत्येक दाणा बफेलोत उतरवून कालव्यातल्या होड्यांवर चढवावा लागे. आधी हे काम माणसं पाठीवर करायची. १८४२ च्या सुमारास तिथे जोसेफ डार्टने वाफेवर चालणारी यांत्रिक कोठारं उभी केली. जहाजाच्या पोटातलं धान्य बादल्यांच्या पट्ट्याने थेट वर खेचायचं आणि तिथेच साठवायचं. कोठारं आली तशा पिठाच्या गिरण्या आल्या, विमेवाले आणि दलाल आले, पाठोपाठ पेढ्या आल्या. कालवा त्या शहराचं दार होता, पण शहर पोसलं ते या चढउताराने.

आता शेवट बघा. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्स सागरी मार्ग खुला झाला. मोठी जहाजं वेलंड कालव्यातून ओंटारिओ सरोवरात आणि तिथून थेट अटलांटिकला जाऊ लागली. बफेलोला थांबायची गरजच उरली नाही. १९५० मध्ये ५ लाख ८० हजार वस्तीचं शहर २०२० मध्ये २ लाख ७८ हजारांवर आलं. पोलाद कारखाने बंद पडले, लोक उपनगरांत गेले, अशी इतर कारणंही आहेत आणि ती लहान नाहीत. पण बफेलो नकाशावर होतं तिथेच राहिलं आणि वाहतुकीच्या सोयी उलट वाढल्या, हे लक्षात घ्या. कमी झालं ते थांबण्याचं कारण.

म्हणून "आमच्याकडून रस्ता जाणार का?" एवढंच विचारून भागत नाही. "आमच्याकडे कशासाठी थांबतील?" हा प्रश्न त्याच्या आधी यायला हवा असं मला वाटतं. तुमची मतं वाचायला आवडेल. विरोध असेल तर अवश्य मांडा.

---

सांजवेळ

मांडणी आवडली, पण एक मोठी बाजू सुटते आहे. तुम्ही शहरांच्या नजरेने बघता आहात. शेतकऱ्याच्या नजरेने बघा. त्याच्या गावात माल थांबायची गरजच नाही, माल तिथून निघतो! त्याला हवं असतं ते बाजारापर्यंत स्वस्तात पोहोचणं. धान्य विकून येणारा पैसा वाहतुकीतच संपत असेल तर तो विकण्यापुरतं पिकवणारच नाही, घरापुरतं पिकवेल.

फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराने १८२६ मध्येच हे दाखवून दिलं होतं. शहराजवळ भाजी आणि दूध, त्यापलीकडे लाकूड, मग धान्य, आणि सर्वांत लांब जनावरं, कारण जनावरं स्वतःच्या पायांनी बाजारात चालत जातात. जमिनीत काय पिकवणं परवडेल हे बाजार किती लांब आहे यावर ठरतं, आणि ते अंतर मोजायचं मैलांत नव्हे, खर्चात. रस्ता सुधारला की जमीन तीच राहते, पण तिच्यावर काय परवडतं ते बदलतं.

याला चांगला आकडाही आहे. डेव्ह डोनाल्डसन या अर्थतज्ज्ञांनी वसाहतकाळातल्या भारतीय रेल्वेच्या नोंदी तपासल्या. ज्या जिल्ह्यात रेल्वे पोहोचली तिथलं शेतीचं खरं (म्हणजे महागाई वजा केलेलं) उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांना आढळलं. शिवाय एखाद्या ठिकाणी पाऊस कमी झाला म्हणून तिथले भाव भडकण्याचं प्रमाणही कमी झालं, कारण बाहेरून धान्य येऊ शकत होतं. यातल्या बहुतेक जिल्ह्यांत बफेलोसारखं काही उभं राहिलं नव्हतं.

म्हणजे थांबणं ही वाढीची एक वाट आहे, एकमेव नाही.

---

गोदीकर

माझं कामच मालाच्या फॉरवर्डिंगचं, म्हणजे इतरांचा माल ठिकाणी पोहोचवायची सोय लावण्याचं, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

घाटवाट, "थांबणं" हा शब्द तुम्ही फार चांगल्या अर्थाने वापरलात. आमच्या धंद्यात त्याचा दुसरा अर्थ आहे आणि तो रोज छळतो. कागद अडला म्हणून थांबणं. सीमेवर रांग आहे म्हणून थांबणं. धक्का रिकामा नाही म्हणून जहाजाने बाहेर नांगर टाकून थांबणं. या थांबण्यातून कोणाचंही काही वाढत नाही. डेमरेज (उशिराचा दंड) वाढतं, एवढंच.

समुद्र नसलेल्या देशांकडे बघा. युगांडाचा बहुतेक परदेशी माल केनियातल्या मोम्बासा बंदरातून येतो. मोम्बासा ते कंपाला रस्त्याने साधारण ११७० किलोमीटर. ट्रक न थांबता चालला तर दोन-तीन दिवसांचं काम. प्रत्यक्षात अडीच आठवडे लागायचे. रस्त्याचा दोष होताच, पण मोठा वेळ जायचा तो वजनकाट्यांवर, तपासणी नाक्यांवर आणि सीमेवर, तोही दोन्ही देशांच्या दोन वेगळ्या खिडक्यांसमोर. २०१४ पासून पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी एकत्र सीमाशुल्क पद्धत आणली. मालाचा कर बंदरातच भरून घ्यायचा आणि सीमेवर दोन्ही देशांचे अधिकारी एकाच आवारात बसणार. तोच प्रवास आठवड्याच्या आत होऊ लागला. डोंगर फोडला नाही, पूल बांधला नाही, तरी कंपाला समुद्राच्या कितीतरी जवळ आलं.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्यांना पटकन जाणवत नाही. ग्राहकाला वेगापेक्षा भरवसा जास्त हवा असतो. माल दहा दिवसांत येणार आणि नक्की दहाच दिवसांत येणार, हे चालतं. कधी पाच, कधी वीस, हे चालत नाही. कारण मग कारखान्याला वीस दिवसांचा साठा करून ठेवावा लागतो, आणि त्या साठ्यात अडकलेला पैसा हा वाहतुकीचाच खर्च असतो, फक्त तो भाड्याच्या बिलावर छापलेला नसतो. लहान प्रदेशांतले उद्योग इथेच मार खातात. मोठ्या बंदरातून रोज जहाज सुटतं. लहान बंदरातून आठवड्याला एक, आणि ते चुकलं की अख्खा आठवडा गेला.

---

आकडेमोड

सांजवेळ यांच्या १६ टक्क्यांसमोर एक उलटा दाखला ठेवतो.

चीनने १९९० नंतर मोठ्या शहरांना जोडणारं राष्ट्रीय महामार्गांचं जाळं उभारलं. दोन महानगरं जोडताना मधले लहान तालुकेही आपोआप त्या रस्त्यावर आले. बेंजामिन फेबर यांनी अशा तालुक्यांची तुलना रस्ता न मिळालेल्या तशाच तालुक्यांशी केली (२०१४ चा अभ्यास). रस्ता मिळालेल्यांची वाढ कमी भरली, आणि ती मुख्यतः उद्योगात कमी भरली. कारण समजण्यासारखं आहे. रस्ता दोन्ही दिशांनी चालतो. पूर्वी खराब रस्ता हीच लहान कारखान्याची तटबंदी होती. ती पडली आणि महानगरातला मोठा, स्वस्त कारखाना थेट त्याच्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचला.

जपानमध्येही असंच बोललं जातं. १९६४ मध्ये टोकियो आणि ओसाका शिन्कान्सेन या अतिवेगवान रेल्वेने जोडले गेले. पुढच्या दशकांत ओसाकाच्या कितीतरी कंपन्यांनी मुख्यालयं टोकियोला हलवली. हे सगळं गाडीमुळेच झालं असं म्हणता येणार नाही, पण सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येऊ लागल्यावर दोन्हीकडे मुख्य कचेरी ठेवायचं कारण उरलं नाही.

म्हणजे डोनाल्डसन आणि फेबर एकमेकांना खोडत नाहीत. ज्या प्रदेशाकडे बाहेर विकण्यासारखं काही आहे, विशेषतः जमिनीतून येणारं, जे उचलून दुसरीकडे नेता येत नाही, त्याला रस्ता तारतो. ज्याचा धंदा केवळ अंतराच्या आडोशाने टिकलेला असतो, त्याचा आडोसा रस्त्याने जातो. खर्च-फायद्याच्या अहवालात पहिली बाजू सविस्तर मांडलेली असते आणि दुसरीला एक ओळही मिळत नाही, याची मला खरंच चीड येते. ज्यांची दुकानं-कारखाने बंद होणार आहेत त्यांना आधी सांगायला हवं, पर्याय द्यायला हवा.

---

घाटवाट

गोदीकर, तुमचा मुद्दा धाग्याच्या मुळाशी जाणारा आहे. थांबण्याचे दोन प्रकार वेगळे ठेवायलाच हवेत: मालाची किंमत वाढवणारं थांबणं आणि मालाचा फक्त वेळ खाणारं थांबणं. बफेलोत सुरुवातीला दोन्ही एकत्र होती. उतरवणं ही सक्ती होती, पण तिच्याभोवती गिरण्या आल्या आणि गहू तिथून पीठ होऊन पुढे जाऊ लागला.

ऑस्ट्रेलियातलं ऑल्बरी याच्या उलट. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या दोन वसाहतींच्या रेल्वेरुळांची रुंदी वेगवेगळी होती. १८८३ मध्ये रूळ सीमेवर येऊन भिडले आणि तेव्हापासून १९६२ पर्यंत सिडनीहून मेलबर्नला जाणाऱ्याला तिथे उतरून गाडी बदलावी लागायची. मालही हातांनी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात. स्टेशनवर रोजगार होता, गजबज होती, पण तो रोजगार इतर सगळ्यांच्या खिशातून येत होता. मालात काहीच भर पडत नव्हती. असं थांबणं टिकवायचा हट्ट कोणी धरू नये.

स्थानाचं महत्त्व कमी आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही, कारण थांबायचं कारण निर्माण करायला जागाही तशी लागते. सिंगापूर मलाक्का सामुद्रधुनीच्या तोंडाशी आहे, पूर्व आणि पश्चिमेकडची जहाजं तिथून जाणारच. पण त्या सामुद्रधुनीवर इतरही बंदरं आहेत. सिंगापूरने १९७२ मध्येच कंटेनर टर्मिनल सुरू केलं, कंटेनर टिकेल की नाही याची जगात अजून चर्चा चालू असताना. १९८९ मध्ये सीमाशुल्काचे परवाने संगणकावर आणले. आज तिथे उतरणारा बहुतांश माल सिंगापूरसाठी नसतोच. एका जहाजातून उतरतो, दुसऱ्यावर चढतो. आणि इतकी जहाजं येतात म्हणून इंधन भरणं, दुरुस्ती, विमा, लवाद, सगळं तिथे.

श्रीलंकेतलं हंबनटोटा त्याच सागरी मार्गाच्या अगदी जवळ आहे. २०१० मध्ये बंदर सुरू झालं. जहाजं क्षितिजावरून जात राहिली आणि पहिली कित्येक वर्षं बंदरात फारशी आली नाहीत, कारण थांबायचं काम कोलंबोत होतच होतं. २०१७ मध्ये ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेलं. त्यानंतर तिथे मोटारगाड्यांची चढउतार वाढली, म्हणजे पुन्हा तेच: विशिष्ट कारण सापडल्यावर जहाजं थांबू लागली.

---

उत्तरायण

विमानांचा दाखला कोणी दिला नाही म्हणून मी देतो. हा माझा आवडता विषय आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांत एका दमात पार जाण्याइतकं इंधन मावत नसे. त्यामुळे पलीकडे न्यूफाउंडलंडमधलं गँडर आणि अलीकडे आयर्लंडच्या पश्चिम टोकाचं शॅनन, ही दोन ठिकाणं जगाच्या प्रवासाचे नाके बनली. दोन्ही नकाशामुळे नशीबवान. मग १९५० च्या दशकाच्या शेवटी जेट विमानं आली आणि दोन्हींची गरज एकदमच संपायला लागली.

गँडर गाव म्हणून टिकलं, पण तो काळ परत आला नाही. शॅननच्या लोकांनी मात्र हातावर हात ठेवले नाहीत. विमानतळावरचं जगातलं पहिलं करमुक्त दुकान तिथे १९४७ मध्येच निघालं होतं. त्यामागचे ब्रेंडन ओ'रीगन यांनी पुढचा धोका ओळखला आणि १९५९ मध्ये विमानतळालगत करमुक्त औद्योगिक क्षेत्र सुरू झालं. कच्चा माल विमानाने आणा, इथे वस्तू बनवा, विमानानेच बाहेर पाठवा, मधे कर नाही. कामगारांसाठी शेजारी नवं गावच वसवलं. १९७५ मध्ये विमानं भाड्याने देणारी कंपनी तिथे निघाली आणि आज जगातल्या विमान-भाडेपट्टी व्यवसायाचं आयर्लंड हे मोठं केंद्र आहे. विमानं थांबायची बंद झाली, पण विमानांचा धंदा तिथे टिकला.

तिसरं ठिकाण अलास्कातलं अँकरेज. सोव्हिएत हवाई हद्दीतून जाता येत नसताना युरोप ते पूर्व आशिया जाणारी प्रवासी विमानं तिथे इंधन भरायची. हद्द खुली झाली, लांब पल्ल्याची विमानं आली आणि प्रवासी वाहतूक आटली. मालवाहू विमानं मात्र आजही तिथे उतरतात आणि जगातल्या सर्वांत गजबजलेल्या मालवाहू विमानतळांत ते आहे. का? आशियातून अमेरिकेला एका दमात जायचं तर इंधन जास्त भरावं लागतं आणि तेवढं वजन मालातून कमी करावं लागतं. प्रवाशाला मधे उतरायचा कंटाळा येतो, खोक्याला येत नाही. मधे उतरून इंधन भरलं तर विमानात जास्त माल मावतो. नुसतं इंधनच नाही, मोठ्या कुरिअर कंपन्या तिथेच मालाची छाननी करून कोणतं खोकं कुठल्या शहराला हे ठरवतात.

हे सगळं एका तांत्रिक गोष्टीवर उभं आहे हेही खरं. उद्या विमानं बदलली तर? अँकरेजलाही शॅननसारखा विचार आजच करावा लागेल.

---

रानवाट

वाचते आहे. शॅननबद्दल काहीच माहीत नव्हतं. एक नाव सुचवते: चिलीतलं व्हालपारायसो. दक्षिण अमेरिकेला वळसा घालून जाणारी जहाजं तिथे विसावायची, १९१४ मध्ये पनामा कालवा उघडला आणि वळशाची गरजच गेली. त्या गावाने काहीही चुकीचं केलं नव्हतं. हजारो किलोमीटर दूर कोणी तरी खणलं आणि यांची पेठ ओसरली.

---

गोदीकर

रानवाट, असंच कंटेनरने केलं, आणि तेही शेजारी शेजारी असलेल्या बंदरांत. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकमालकाचं पहिलं जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. सुटा माल चढवायला टनाला ५ डॉलर ८६ सेंट पडायचे, कंटेनरने सुमारे १६ सेंट. म्हणजे ज्या चढउतारावर बंदरातली शहरं शतकानुशतकं जगली ती जवळपास फुकट झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या अरुंद धक्क्यांमागे कंटेनर ठेवायला जागाच नव्हती. खाडीपलीकडच्या ओकलंडकडे होती, व्यापार तिकडे गेला. लंडनच्या जुन्या गोद्या १९८१ पर्यंत एकेक करून बंद झाल्या. हजारो हमालांची पिढ्यान्‌पिढ्यांची कामं गेली, आणि त्यांच्या वस्त्यांकडे वेळेवर कोणी बघितलं नाही.

पण थांबणं नाहीसं झालं नाही, ते बंदरातून आत सरकलं. जर्मनीतलं डुइसबुर्ग समुद्रापासून दूर, ऱ्हाइन आणि रूर नद्यांच्या संगमावर. कोळसा-पोलादाचं शहर. ऱ्हाइनहाउझेनचा पोलाद कारखाना १९९३ मध्ये बंद झाला. त्याच जागेवर नदी, रेल्वे आणि महामार्ग एकत्र येतील असं मालकेंद्र उभारलं. रॉटरडॅमला उतरलेले कंटेनर बार्जमधून (नदीतल्या सपाट मालबोटींतून) तिथे येतात, चीनहून रेल्वेनेही येतात, तिथे उघडतात, माल वेगळा होऊन दुकानांकडे जातो. आता डुइसबुर्ग जगातल्या मोठ्या अंतर्गत बंदरांपैकी आहे. कामगार पूर्वीइतके लागत नाहीत, हेही सांगायला हवं. पोलादाने जेवढी घरं चालवली तेवढी गोदामं चालवत नाहीत.

---

पाऊलवाट

सिंगापूर, डुइसबुर्ग ही फार मोठी नावं झाली. ज्याच्याकडे संगम नाही, सामुद्रधुनी नाही, फक्त नवा रस्ता होतो आहे, अशा साध्या प्रदेशाने काय करायचं? खरंच जाणून घ्यायचं आहे.

---

सांजवेळ

पाऊलवाट, मी परतीच्या ट्रकपासून सुरुवात करेन. भाडं कसं ठरतं हे गोदीकर जास्त नीट सांगतील, पण मूळ गोष्ट अशी की ट्रक भरून आला आणि रिकामा परत गेला तर परतीचं डिझेलही येणाऱ्या मालावरच चढतं. तुमच्याकडे माल फक्त येत असेल तर प्रत्येक वस्तू महाग पडते. आणि जाणारा माल वर्षात दोनच महिने असेल तर त्या दोन महिन्यांत ट्रक मिळत नाही आणि उरलेले दहा महिने ट्रकला माल मिळत नाही. म्हणून साठवण हवी. शीतगृह, वाळवण, प्रतवारी, जे त्या पिकाला लागेल ते. माल महिन्याभरात ओतण्याऐवजी वर्षभर थोडा थोडा निघाला की वाहतूकदार नेमाने येतात, आणि नेमाने आले की भाडं उतरतं.

शिकागोचं मोठेपण फक्त सरोवर आणि रेल्वेचं नव्हतं. तिथल्या धान्य बाजाराने १८५० च्या दशकात गव्हाच्या प्रती ठरवल्या. त्यामुळे प्रत्येक शेतकऱ्याचं पोतं वेगळं सांभाळायची गरज राहिली नाही. एका प्रतीचा गहू एकाच कोठारात, शेतकऱ्याच्या हातात पावती. दूरचा व्यापारी गहू न बघता विकत घेऊ शकत होता. प्रतवारीला सामुद्रधुनी लागत नाही. विश्वासाने तोलणारा आणि प्रत ठरवणारा माणूस लागतो.

---

गोदीकर

परतीच्या भाड्याचं बरोबर आहे. त्यात एवढंच घालतो: पावती आणि प्रतवारी असेल तर रिटर्न लोड (परतीचा माल) फोनवर ठरतो. नसेल तर ट्रकवाल्याला एक दिवस माल बघायला आणि दुसरा दिवस घासाघीस करायला थांबावं लागतं, आणि दोन दिवस थांबण्यापेक्षा तो रिकामा निघून जातो. नवीन रस्त्याची जमीन घेतानाच जोडरस्त्याजवळ ट्रक उभे राहतील, वजन होईल, माल एकत्र करता येईल एवढी जागा राखून ठेवा. नंतर तीच जमीन कोणालाही परवडत नाही.

---

घाटवाट

पाऊलवाट, तुमच्या प्रदेशातून कोणता माल बाहेर जातो, कोणत्या महिन्यांत, आणि तो आज कुठे जाऊन पहिल्यांदा तोलला जातो, हे सांगू शकाल का? त्या तोलण्याच्या ठिकाणापासूनच पुढे बोलू. आकडेमोड, अंतराच्या आडोशाने टिकलेले धंदे आधीच ओळखायची काही पद्धत असेल तर तीही इथे लिहा, त्यावर वेगळं बोलायला हवं.